गोवंडीचा पत्ता आणि गरिबीचा भाव

गोवंडीतली पोरं नोकरीच्या मुलाखतीला गेली की पत्ता विचारल्यावर बऱ्याचदा 'चेंबूर' म्हणतात. फारच खोदून विचारलं तर 'देवनार', कारण त्या नावात सोसायट्याही येतात आणि बंगलेही. 'शिवाजीनगर, गोवंडी' म्हटल्यावर समोरच्याच्या चेहऱ्यावर काय उमटतं हे त्यांना पाठ झालेलं असतं. पण फॉर्मवर पिनकोडची चौकट असते. तिथे ४०००४३ लिहिलं की चेंबूर गळून पडतं.

पालिकेच्या हिशेबात हा भाग एम पूर्व वॉर्डात येतो. गोवंडी, मानखुर्द, देवनार, ट्रॉम्बे, चीता कॅम्प अशी सगळी मंडळी त्यात. २०११ च्या जनगणनेत या वॉर्डात आठ लाखांहून जास्त माणसं होती, म्हणजे एखाद्या मोठ्या जिल्ह्याच्या शहराएवढी. त्यातले चारातले तीन तरी झोपडवस्तीत राहणारे. याच वॉर्डात अणुशास्त्रज्ञांची झाडीत लपलेली अणुशक्तीनगर वसाहत आहे आणि गरिबीवर संशोधन करणारी टाटा समाजविज्ञान संस्थाही आहे. संस्थेच्या दारातून रिक्षा केली तर पंधरा-वीस मिनिटांत तुम्ही कचऱ्याच्या डोंगराच्या पायथ्याशी.

'तिथे गरीब लोक राहतात' एवढ्यावर आपण विषय मिटवतो. खरा प्रश्न पुढचा आहे. तेवढ्याच कमाईचं कुटुंब गोवंडीत राहिलं तर त्याला जगायला जास्त पैसे का मोजावे लागतात? आणि ती सगळी माणसं तिथेच कशी काय जमली?

३९ या आकड्याची गोष्ट

एम पूर्वबद्दल काहीही वाचायला घेतलं की दोन आकडे भेटतातच. मुंबईच्या २००९ च्या मानव विकास अहवालात या वॉर्डाचा निर्देशांक, म्हणजे लोकांचं जगणं किती सुधारलंय त्याचं शून्य ते एक यांमधलं माप, ०.०५ होता आणि मलबार हिल ज्यात येतं त्या डी वॉर्डाचा ०.९६. दुसरा आकडा, इथलं मृत्यूचं सरासरी वय ३९ वर्षं. हे दोन्ही आकडे इतक्या बेफिकिरीने वापरले जातात की जरा थांबून ते समजून घेतलेले बरे.

०.०५ वाचून कुणी लगेच आफ्रिकेतल्या देशांशी तुलना करतं. ती चूक आहे. हा निर्देशांक मुंबईच्या चोवीस वॉर्डांची आपापसात लावलेली रांग आहे. शंभर मीटर धावण्याच्या शर्यतीत जो शेवटचा आला त्याला शून्याजवळचा आकडा, पहिला आला त्याला एकाजवळचा. त्यावरून शेवटच्याला चालताच येत नाही असं म्हणता येत नाही. एवढंच कळतं की एकाच शहराच्या दोन टोकांत अंतर किती पडलंय. माझ्या मते तेवढंच पुरेसं लाजिरवाणं आहे, त्यासाठी आफ्रिका लागत नाही.

३९ चं प्रकरण जास्त गुंतागुंतीचं. त्याचा अर्थ 'गोवंडीतला माणूस ३९ व्या वर्षी मरतो' असा लावला जातो. समजा एका गल्लीत वर्षभरात पाच जण गेले. एक बाळ जन्मताच गेलं, एक वर्षाचं होऊन गेलं, आणि तीन म्हातारी माणसं ६०, ६५ आणि ७० व्या वर्षी. बेरीज १९६, पाचने भागा. सरासरी ३९.२. त्या गल्लीत चाळिशीत एकही माणूस मेलेला नाही, तरी आकडा ३९ चा आला.

मग आकडा खोटा का? नाही. तो वेगळं काहीतरी सांगतोय. जिथे लहान मुलं जास्त आणि त्यातली जास्त मरतात, तिथे ही सरासरी खाली घसरते. त्याखेरीज ऐन उमेदीत क्षयाने किंवा दारूने गेलेले असतातच. म्हणजे ३९ हा पाळण्यांचा आकडा आहे. २०२२ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात मुंबईत गोवराची साथ आली तेव्हा तिची पहिली ठिणगी गोवंडीत पडली, आणि साथीत दगावली ती लहान मुलंच. गोवराची लस आपल्याकडे कित्येक दशकांपासून फुकट मिळते. पण कोविडच्या काळात लसीकरण मागे पडलं होतं, एका खोलीत सात-आठ जण झोपत होते, आणि पोरांच्या अंगात मुळात ताकद कमी. सुदृढ मुलाला गोवर आठवडाभर निजवतो. कुपोषित मुलाच्या छातीत उतरला तर परत उठू देत नाही.

शहराचं परस

जुन्या घरांना पुढे अंगण असायचं आणि मागे परस. पाहुणे पुढून यायचे. भांडी घासणं, खरकटं, शेणगोठा हे सगळं मागे. मुंबईने आपलं परस म्हणून पूर्वेची ही खाडीकाठची दलदल निवडली, आणि ती निवड शंभर वर्षांपूर्वीच झाली. चेंबूरपर्यंत आगगाडी आली ती आधी शहराचा कचरा वाहायला. देवनारचं डंपिंग १९२७ पासूनचं. तिथले लोक 'डम्पिंग ग्राउंड' वगैरे म्हणत नाहीत, नुसतं 'डंपिंग'. १९७१ साली वांद्र्याचा कत्तलखाना इथे आला. पुढे इस्पितळांचा कचरा जाळणारी भट्टीही इथेच.

आणि मग माणसं. आणीबाणीत, १९७६ च्या मे महिन्यात, भाभा अणुसंशोधन केंद्राशेजारची जनता कॉलनी पाडून हजारो कुटुंबं चीता कॅम्पला हलवली. गंमत अशी, गंमत म्हणवत नाही खरं तर, की जनता कॉलनीच मुळी शहरातून आधी उठवलेल्या लोकांची होती. शिवाजीनगर आणि बैंगनवाडीही अशाच पुनर्वसनातून वसल्या. पालिकेने चुन्याने आखून दहा बाय पंधरा फुटांचे तुकडे दिले. नकाशावर आजही ते चौकोन बुद्धिबळाच्या पटासारखे नीट दिसतात. म्हणजे ही वस्ती 'बेकायदा वाढली' असं सरसकट म्हणणाऱ्यांनी नकाशा एकदा उघडून बघावा. हिचा गाभा सरकारी फुटपट्टीने आखलेला आहे.

त्याभोवती बाकीची वस्ती साचत गेली. १९७२ च्या दुष्काळात मराठवाड्यातून आलेली कुटुंबं, त्यांत बौद्ध आणि मातंग बरेच. उत्तर प्रदेश आणि बिहारातून जरीकामाच्या कारखान्यांत आलेली पोरं. १९९२-९३ च्या दंगलींनंतर मिश्र वस्तीत राहायला धास्तावलेली मुसलमान कुटुंबं. यातल्या कुणी 'मला डंपिंगशेजारी राहायचंय' असं ठरवून हा भाग निवडला नाही. जिथे घर नाकारलं जात नव्हतं आणि परवडत होतं असं ठिकाण शहरात हे एकच उरलं होतं. जात, धर्म आणि जागेचा भाव यांनी मिळून चाळणी फिरवली की खाली काय साठतं, ते या वॉर्डात दिसतं.

२००० नंतर आणखी एक लाट आली. रेल्वेमार्ग रुंद करायचे, मिठी नदीचे काठ मोकळे करायचे, रस्ते काढायचे, म्हणून शहरभरातून उठवलेली कुटुंबं मानखुर्दच्या लल्लूभाई कंपाउंडात, गोवंडीच्या नटवर पारेख कंपाउंडात, चेंबूरजवळच्या वाशी नाक्याला आणून ठेवली. या खेपेला झोपडी नव्हे, पक्की इमारत. २२५ चौरस फुटांचं घर, स्वतःचा नळ, स्वतःचा संडास. कागदावर ही सुधारणाच होती.

फक्त दोन इमारतींच्या मधलं अंतर साधारण तीन मीटर. जागा वाचावी म्हणून नियम सैल केले होते. खालच्या मजल्यांवर भर दुपारी दिवा लावावा लागतो, खिडकी उघडली तर समोरच्याच्या खिडकीतला डाळीचा वास. क्षयाचे जंतू हवेतून पसरतात, आणि त्यांना मारणाऱ्या दोन सगळ्यात स्वस्त गोष्टी म्हणजे ऊन आणि वारा. २०१८ च्या एका पाहणीत या दोन कंपाउंडांमध्ये शंभरातल्या आठ ते दहा कुटुंबांत क्षयरोगी आढळले. जवळच्याच मोकळ्या बांधणीच्या वसाहतीत हेच प्रमाण शंभरात एक होतं. तोच वॉर्ड, तीच साधारण कमाई, फरक बांधणीचा. ज्यांना वाटतं की झोपडी गेली म्हणजे प्रश्न सुटला, त्यांना मी हा आकडा दाखवतो.

पाण्याचा हिशेब

आता मूळ मुद्दा, गरिबी महाग कशी पडते.

डंपिंगच्या बाजूच्या गल्ल्यांत सकाळी हातगाड्या फिरतात. गाडीवर निळे कॅन रचलेले, तोंडाला प्लॅस्टिकची पन्नी गुंडाळून झाकण घट्ट केलेलं. गाडीवाला थांबतो, बाई दारातूनच बोटं दाखवते, दोन की तीन, आणि तो कॅन उचलून उंबऱ्याशी ठेवतो. रिकामे परत घेतो. पैसे कधी रोख, कधी भिंतीवर खडूने रेघ. पाच मिनिटांत गल्ली संपते. कुणी ओरडत नाही, भांडत नाही. दूधवाल्यासारखं सगळं सवयीचं.

आता त्या रेघांचा हिशेब करू. समजा ४० लिटरचा कॅन १० रुपयांना पडला. उन्हाळ्यात आणि आतल्या गल्लीत तो याहून महाग मिळतो, पण हिशेबाला १० धरू. हजार लिटरला झाले २५० रुपये. पालिकेचा झोपडवस्तीतल्या नळाचा दर हजार लिटरला पाच रुपयांच्या आसपास असतो. म्हणजे पन्नास पट. मलबार हिलवरचा माणूस जे पाणी जवळजवळ फुकट बागेला घालतो, ते गोवंडीतली धुणीभांडी करणारी बाई कितीतरी पट भावाने विकत घेऊन पिते. आणि हे पाणी येतं तेही पालिकेच्याच जलवाहिनीतून, मधल्या कुणीतरी मोटर लावून खेचलेलं.

मुळात मापच दोन आहेत. नियोजनात इमारतीतल्या माणसाला दिवसाला १३५ लिटर धरलेले असतात आणि झोपडीतल्या माणसाला ४५. तहान तर दोघांची सारखीच. अंघोळीची गरज डंपिंगशेजारी राहणाऱ्याला उलट जास्तच.

पैशाखेरीज वेळ जातो तो वेगळा. पहाटे चारला पाणी येत असेल तर कुणीतरी जागं राहायला हवं, आणि ते कुणीतरी म्हणजे बहुधा घरातली थोरली मुलगी. नळीचं तोंड पिंपात धरून डुलक्या काढणारी बारा-तेरा वर्षांची पोर एकदा पाहिली की 'मुलींची गळती' हा शिक्षण खात्याचा शब्द वेगळाच ऐकू येतो. त्यात पालिकेच्या बऱ्याच शाळा वर्षानुवर्षं सातवीपर्यंतच होत्या. आठवीला लांब जायचं, मध्ये मोठा रस्ता, ट्रकांची वर्दळ, आणि घरी पाण्याची पाळी. आईबापांनी काही वेगळं ठरवावं लागतच नाही, शाळा आपोआप सुटते.

संडासाचं तसंच. सुलभला एका खेपेचे तीन रुपये धरले तर पाच माणसांच्या कुटुंबाचे महिन्याला साडेचारशे, तेही प्रत्येकाने दिवसातून एकदाच जायचं ठरवलं तर. कर्जाचं तर विचारूच नका. बँकेला पत्ता चालत नाही, म्हणून गल्लीतल्या माणसाकडून 'दहा टक्क्याने' घ्यायचे. हे दहा टक्के महिन्याचे असतात. वर्षाचे झाले १२०. तुम्ही-आम्ही घरासाठी आठ-नऊ टक्के वर्षाला भरतो आणि त्यावरही कुरकुरतो. बायकांच्या भिशीवर कितीतरी घरांचं बाळंतपण आणि शाळेची फी निघते ते यामुळेच.

थैलीतले कागद

मग नळ का घेत नाहीत अधिकृत? इथे या सगळ्या गोष्टीची खरी किल्ली आहे, आणि ती किल्ली म्हणजे एक तारीख.

गोवंडीतल्या कुठल्याही घरात कपाटाच्या वर, पत्र्याच्या अगदी खाली, पावसाचं पाणी पोचणार नाही अशा जागी एक प्लॅस्टिकची थैली असते. आत जुना फोटोपास (झोपडीधारकाचं फोटो असलेलं सरकारी ओळखपत्र), रेशनकार्ड, वीजबिलं, मतदार यादीचं पान, मुलाच्या शाळेचा दाखला. प्रत्येक कागद लॅमिनेट केलेला, काहींवर दोनदा. आग लागली, पाणी भरलं तर मुलांनंतर आधी ती थैली उचलतात. २६ जुलै २००५ च्या पुरात ज्यांची थैली गेली, त्यांचं घर उभं राहिलं तरी ते घर सिद्ध करता येईना.

कारण शासनाच्या लेखी झोपडीधारक दोन प्रकारचे. ठरावीक तारखेआधीपासून राहत असल्याचा पुरावा आहे तो 'पात्र', नाही तो 'अपात्र'. ही तारीख आधी १ जानेवारी १९९५ होती. निवडणुका आल्या-गेल्या, तारीख सरकत १ जानेवारी २००० झाली. नंतर २०११ पर्यंतच्यांना अडीच लाख रुपये भरून घर घेता येईल असं ठरलं. पात्र माणसाला पुनर्वसनात घर मिळतं. अपात्राला बरीच वर्षं पाण्याचा नळसुद्धा मिळत नसे, कारण नळ दिला तर त्याचं बिल म्हणजे राहण्याचा आणखी एक पुरावा होईल ही भीती. पुरावा नाही म्हणून नळ नाही आणि नळ नाही म्हणून पुरावा नाही. 'वेड्यांचा बाजार' म्हणावं तर यात वेडं कुणीच नाही, प्रत्येक अधिकारी आपापल्या नियमाने बरोबरच असतो.

पाणी हक्क समितीच्या याचिकेवर डिसेंबर २०१४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने सांगितलं की घर बेकायदा असलं तरी आत राहणाऱ्याचा पाण्याचा हक्क जगण्याच्या हक्कातच येतो. पालिकेने सर्वांसाठी पाण्याचं धोरण आणलं ते २०२२ साली. मध्ये गेलेल्या वर्षांत बारशातलं मूल शाळेत जाऊ लागतं.

कचऱ्यातून काय निघतं

परसाचा फायदा घराला होतो, हे मात्र सांगायचं राहून जातं. मुंबई रोज सहा हजार टनांच्या वर कचरा काढते. त्यातली पन्नी, बाटल्या, पत्रा, काच, पुठ्ठा वेगळं करणारे हात बरेचसे गोवंडीचे. वेचक गोणी भरतो, भंगारवाला तोलून घेतो, त्याच्याकडून मोठा भंगारवाला, पुढे कारखाना. प्रत्येक पायरीवर भाव वाढतो, सगळ्यात तळाच्या माणसाला किलोमागे काही रुपये. पालिकेला जेवढा कचरा उचलून गाडावा लागत नाही, तेवढी पालिकेची बचत. त्या बचतीची पावती वेचकाला कधी मिळालेली नाही.

२०१६ च्या जानेवारीत डंपिंगला आग लागली आणि कित्येक दिवस धुमसत राहिली. धूर अवकाशातल्या उपग्रहाच्या चित्रातही दिसला, आसपासच्या शाळा बंद ठेवाव्या लागल्या. मुंबईकरांना देवनार त्या आठवड्यात आठवलं, कारण वारा फिरला आणि धूर चेंबूर-घाटकोपरकडे गेला. फेब्रुवारीअखेर उच्च न्यायालयाने कचऱ्याची सोय होईपर्यंत शहरात नव्या बांधकामांना परवानगी देणं थांबवलं. परसात आग लागल्यावर अंगणातलं काम थांबलं, तेव्हा कुठे दोन्हींचा संबंध कागदावर आला. ती बंदी २०१८ मध्ये सैल झाली.

डंपिंगवर मात्र आगीनंतर भिंत, कॅमेरे आणि पहारेकरी आले. धुराच्या दृष्टीने योग्यच. पण वेचकांना आत जाणं अवघड झालं आणि कितीतरी घरांची रोजची कमाई तुटली. फुप्फुस वाचवायचं की चूल, असा प्रश्न शहरातल्या दुसऱ्या कुठल्या वॉर्डाला पडत असेल असं वाटत नाही.

आता त्या डोंगराला नवा भाव आलाय. २०२४ साली राज्य सरकारने देवनार डंपिंगची १२४ एकर जमीन धारावीच्या पुनर्विकासासाठी द्यायला मान्यता दिली. पालिकेने तिथला १८५ लाख टन जुना कचरा तीन वर्षांत उपसायची निविदा २०२५ मध्ये काढली. धारावीत ज्यांचे कागद पुरे पडले त्यांना धारावीतच घर मिळायचं आहे. बाकीच्यांची घरं धारावीबाहेर बांधायची आहेत, आणि त्यासाठी शोधलेल्या जागांतली एक ही. त्यांच्या पिनकोडच्या चौकटीत तेव्हा ४०००४३ असेल. मुलाखतीला गेल्यावर ते बहुधा चेंबूर सांगतील.